पानं असलेला निवडुंग कुणाचा पूर्वज नाही

कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्राच्या काठाकाठानं कोरड्या काटेरी रानांचा एक पट्टा आहे. समोर एवढा समुद्र, पण पावसाच्या नावानं बोंब. वर्षातले कित्येक महिने तिथं थेंब पडत नाही. या रानात ग्वामाचो नावाचं एक झाड वाढतं. झाडच म्हणायचं, कारण ते दहा मीटरपर्यंत जाऊ शकतं, त्याला खोड आहे, खोडावर साल आहे, फांद्या आहेत आणि फांद्यांवर हिरवी, जराशी मांसल पानं आहेत. कोरड्या दिवसांत पानं गळतात आणि झाड बोडकं उभं राहतं. फुलं पिवळी. फळं माणसंही खातात. कुणी लांबून काढलेला फोटो दाखवला तर आपण बोर किंवा तसलंच काहीतरी समजून पुढं स्क्रोल करू.

हे झाड निवडुंग आहे. म्हणजे कॅक्टेसी या कुळातलं, रीतसर, कॅक्टस.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांसमोर गावाकडची कुंपणं आली. माझं गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडं पॅसेंजरनं निघालात की पहिलं स्टेशन. (गूगल कधीकधी कुडाळच्या पिंगुळीत नेऊन सोडतं. ती चित्रकथीवाली पिंगुळी, आमची वेगळी.) आमच्या बोलण्यात ‘निवडुंग’ या एका शब्दात दोन घराणी सुखानं नांदतात. एक शेराचं आणि त्रिधारी निवडुंगाचं. यांना जरा ओरबाडलं की पांढराशुभ्र चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर काय होईल याच्या धमक्या ऐकत आम्ही मोठे झालो. हे युफोर्बिया, नात्यानं एरंडाच्या घरातले. कॅक्टसशी यांचा काडीचा संबंध नाही. दुसरं घराणं फड्या निवडुंगाचं. त्याची लाल बोंडं खाल्ली की जीभ रंगते आणि बोटांत न दिसणारी कुसं दोन दिवस बोचत राहतात. हा खरा कॅक्टस, पण मूळचा अमेरिकेचा. किरमिजी रंग देणारे कोचिनील किडे पाळण्याच्या नादात ईस्ट इंडिया कंपनीनं अठराव्या शतकाच्या अखेरीस याची लागवड वाढवली. रंगाचा धंदा बसला, फडे राहिले.

म्हणजे जे कॅक्टस दिसतं ते कॅक्टस नाही, आणि ज्याला पानं, साल, सावली सगळं आहे ते मात्र आहे. मग ठरवायचं कशावरून? वनस्पतिशास्त्रज्ञ काटा निघतो ती जागा बघतात. फड्या निवडुंगाचा काटा जिथून येतो तिथं लवदार गादीसारखा एक बारीक ठिपका असतो. त्याला एरिओल म्हणतात. तो ठिपका म्हणजे आखूड होऊन बसलेली फांदीच. काटे, फुलं, नवे कोंब, सगळं तिथूनच फुटतं. ग्वामाचोच्या फांदीवर, पानाच्या बगलेत, नेमका हाच ठिपका आहे. शेराकडं तो नाही. पानं आहेत की नाहीत या प्रश्नाला इथं काडीची किंमत नाही.

इथवर सगळं शाळेतल्या प्रश्नमंजुषेत खपेल असं. मला वेगळीच गोष्ट छळते. पानं असलेल्या या निवडुंगांबद्दल लोक पुढं काय बोलतात, ती.

या झाडांची मिळून पेरेस्किया नावाची एक प्रजाती मानली जायची. पेरेस्क नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच विद्वानावरून हे नाव पडलं. बागकामाच्या पुस्तकांत, माहितीपटांत, हल्ली रील्समध्येही तिची ओळख साधारण एकाच वाक्यात होते: ही सगळ्यात आदिम निवडुंगं, कॅक्टसचे पूर्वज. सोबत बहुधा एक चित्र असतं. डावीकडं पानांचं झाड, मधे फड्या, उजवीकडं गोल गरगरीत, काट्यांनी मढलेला चेंडू. टी-शर्टवर वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग असते ना, तशीच ही रांग. डावीकडचा अजून ‘व्हायचा’ आहे, उजवीकडचा ‘झाला’.

हे चित्र चूक आहे, आणि ती चूक समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. कॅक्टस कुळाचं वय साधारण तीन ते साडेतीन कोटी वर्षं मानतात. वाळवंटातल्या गोल निवडुंगाच्या घराण्यानं त्या सुरुवातीच्या फाट्यापासून जेवढी वर्षं काढली, तेवढीच ग्वामाचोच्या घराण्यानंही काढली. एक दिवस कमी नाही. त्याच्याही इतक्याच पिढ्या दुष्काळ, किडी, जनावरं यांच्यातून चाळून निघाल्या. त्याचीही जनुकं तेवढा काळ बदलत राहिली. पूर्वज जो कुणी होता तो केव्हाच मेला. आज जे जिवंत आहे ते सगळं आजचं आहे. ग्वामाचो गोल निवडुंगाचा आजा होऊ शकत नाही. फार तर चुलत-चुलत भाऊ.

डार्विननं एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच ताकीद लिहून ठेवली होती, की ‘उच्च’ आणि ‘नीच’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोगही त्याचाच, १८५९च्या ग्रंथातला. एकाच माणसानं ताकीदही लिहिली आणि मोहही सोडून ठेवला. म्हणजे हा मोह किती चिवट असेल बघा.

२००५ साली एरिका एडवर्ड्स, रेटो निफेलर आणि मायकेल डोनह्यू यांनी पेरेस्कियाच्या १७ जातींची जनुकं तपासली. (स्पीशीजला मराठीत ‘जाती’ म्हणतात, हा आपल्या परिभाषेचा खास विनोद.) निघालं ते मजेदार होतं. या १७ जाती एका घरच्या नाहीतच. आठ जाती कॅरिबियन समुद्राभोवतालच्या, त्यात ग्वामाचो. उरलेल्या नऊ दक्षिणेकडच्या. या नऊंचं जवळचं नातं त्या आठांशी नाही, बिनपानाच्या, गोल, उभ्या, फड्यांच्या बाकी सगळ्या निवडुंगांशी आहे. पानं बघून ज्यांना सख्खे भाऊ समजलो होतो ते लांबचे निघाले. पुढं उत्तरेकडच्या आठांना वेगळं नाव मिळालं, लॉयेनबेर्गेरिया, ज्या अभ्यासकानं १९८६ साली या झाडांवर मोठा ग्रंथ लिहिला त्याच्या आडनावावरून.

पुढच्याच वर्षी एडवर्ड्स आणि डोनह्यू यांनी दुसरी गोष्ट मांडली. मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. पानं असलेली ही झाडं पाणी कसं वापरतात ते त्यांनी बघितलं. पानांवरची रंध्रं बेतानं उघडायची, थेंब-थेंब हिशेबानं खर्च करायचा, पाऊस आला की चटकन फायदा उठवायचा, कोरड सोसायची. निवडुंगाचा म्हणून जो स्वभाव आपण ओळखतो तो बराचसा या पानांच्या झाडांत आधीपासून आहे. म्हणजे आधी स्वभाव आला आणि फुगीर खोड, गायब झालेली पानं हे रूप नंतर. रूप बघून ‘हा अजून निवडुंग व्हायचाय’ म्हणणारे आपण, आणि झाड कोट्यवधी वर्षं निवडुंगासारखंच जगत होतं.

आता मी झाड बाजूला ठेवतो, कारण हे सगळं मला माणसांबद्दल बोलायचं होतं म्हणून सांगितलं.

पुण्यात गेली काही वर्षं मी एक वाक्य सतत ऐकतो. ‘तुमच्याकडे अजून असं चालतं?’ या वाक्यातला कळीचा शब्द ‘अजून’. विचारणारा वाईट माणूस नसतो. त्याला खरंच कुतूहल असतं. पण त्या ‘अजून’मध्ये एक घड्याळ लपलेलं आहे. त्या घड्याळात पुण्यात २०२५ वाजलेत आणि पिंगळीत १९९५. गावातली माणसंही तेच घड्याळ बांधून फिरतात: ‘आपलं गाव लई मागं राहिलं बघ.’ लग्नाच्या बैठकीत हेच घड्याळ मुलाचा भाव ठरवतं. गावात शेती करणारा मुलगा ‘मागं राहिला’, हिंजवडीत शिफ्ट करणारा ‘पुढं गेला’.

या घड्याळाची एक गोड आवृत्तीही आहे आणि ती मला जास्त धोक्याची वाटते. चुलीवरची भाकरी, पितळी तांबे, भिंतीला शेणाचा रंग मारलेली हॉटेलं. संथ संगीतावर विहिरीचं पाणी शेंदणारी आजी. ‘किती साधी माणसं!’ इथंही माणूस भूतकाळातच बसवलेला असतो, फक्त शिवी न देता, हार घालून. जिवंत जीवाश्म म्हणून काचेत ठेवणं आणि मागास म्हणून हिणवणं यांत फरक भाषेचा आहे, हिशेब तोच.

जोहानेस फेबियन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९८३ साली ‘टाइम अँड दि अदर’ या पुस्तकात आपल्याच धंद्यातल्या लोकांना पकडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही दूरच्या माणसांकडं जाता, त्यांच्या शेजारी बसता, त्यांच्याशी बोलता, त्यांचं अन्न खाता. हे सगळं एकाच काळात घडतं, नाहीतर बोलणंच शक्य नाही. घरी येऊन लिहिता तेव्हा मात्र त्यांना तुमच्या भूतकाळात नेऊन ठेवता. आदिम, रानटी, पारंपरिक. तुमच्यासमोर बसलेला माणूस तुमचा समकालीन होता, हेच तुम्ही नाकारता. एकोणिसाव्या शतकात मॉर्गननं माणसांची रानटी, असंस्कृत आणि सुसंस्कृत अशी शिडी लावली होती. झाडांच्या त्या चित्रासारखीच, डावीकडून उजवीकडं.

माझा थोरला भाऊ गावात असतो. दादा कापूस, सोयाबीन, तूर लावतो. सकाळी उठून तो काय बघतो माहितेय? हवामानाचा अंदाज, मग मोंढ्यातला भाव, मग सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं की घटवलं याची बातमी, कारण त्यावर सोयाबीनचा भाव हलतो. २००२ साली देशात बीटी कापूस आला, त्याची भरभराट त्यानं पोरवयात बघितली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं तोच कापूस खाल्ला, तेव्हा तो कर्ता होता. जागतिक बाजार, जनुकं बदललेलं बियाणं, लहरी पाऊस, अल्गोरिदम, सगळं त्याच्या अंगावर रोज येतं. माझ्या ऑफिसात एसी आहे. सध्याचा काळ दोघांपैकी कुणाला जास्त झोंबतो, असं कुणी विचारलं तर मी दादाकडं बोट दाखवेन. आणि हाच माणूस म्हणे तीस वर्षं मागे!

इथं एक आक्षेप येतो. तो मी स्वतःच काढतो, कारण त्याला बगल दिली तर हा सगळा लेख फसवा ठरेल.

आक्षेप असा. ‘बरं, म्हणजे मराठवाडा मागास नाही. फक्त वेगळा आहे. मग धरणं, रेल्वे, कॉलेजं कशाला मागता? ग्वामाचोनं कुठं पाणी मागितलं?’

हा आक्षेप कुणी एवढ्या उघडपणे करत नाही. पण ‘प्रत्येकाची आपली वाट’, ‘शहरासारखंच व्हायला पाहिजे असं थोडंच आहे’ या वाक्यांच्या पोटात तो असतो. त्याला उत्तर द्यायला मला दोन मराठी शब्द शेजारी-शेजारी ठेवावे लागतात: ‘मागास’ आणि ‘अनुशेष’.

१९८३ साली राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांची तफावत किती, ते मोजायचं होतं. १९८४च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यातला मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. आकड्यांवर वाद झाले, होऊ देत. मला त्या शब्दाबद्दल बोलायचंय. अनुशेष म्हणजे बाकी. वहीत देणेकऱ्याच्या नावापुढं उरते ती. १९५३च्या नागपूर करारात मराठवाड्याला आणि विदर्भाला काही वचनं दिली होती. ती पुरी झाली नाहीत, तेवढी बाकी. अनुशेष म्हटलं की लगेच विचारता येतं: कुणाकडं? कधीपासून? देणार कधी?

‘मागास’ म्हटलं की यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. मागास माणूस आपणहून मागं राहिलेला असतो. सगळे चालत होते, हा रेंगाळला. त्याला कुणी अडवलं, कुणी त्याचं सामान उचलून नेलं, याची त्या शब्दात जागाच नाही. ‘मागास’मध्ये घड्याळ आहे. ‘अनुशेष’मध्ये वही आहे.

आमच्या रेल्वेचं घ्या. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन उभं राहिलं. छोट्या रुळांची लाइन मोठी करा, ही त्यातली एक मोठी मागणी होती. मनमाडहून परभणीकडं मोठे रूळ आले ते १९९०च्या दशकात. मधल्या काळात पिंगळीच्या स्टेशनावर मीटरगेजच्या डब्यात बसणारी माणसं काही पन्नास सालात जगत नव्हती. ती १९८०त, १९८५त जगत होती, बाकीच्या महाराष्ट्रासोबतच, फक्त त्यांच्या वाट्याचे रूळ दुसऱ्या कुणीतरी थांबवून धरले होते. ‘मागास भागातली मागास गाडी’ म्हटलं की ते थांबवणारे हात चित्रातून गायब होतात.

हा फरक आपल्याकडं सगळ्यात नेमका कुणी ओळखला असेल तर तो बाबासाहेबांनी. १९२७ साली त्यांनी पाक्षिक काढलं, नाव ठेवलं ‘बहिष्कृत भारत’. त्या शब्दाचं व्याकरण बघा. बहिष्कृत म्हणजे ज्याला बाहेर टाकलं गेलं. कुणीतरी टाकलं. ‘दलित’ शब्दाचंही तसंच: दळलेला, चिरडलेला. कुणीतरी चिरडलं. हे शब्द उच्चारले की गुन्हा आणि गुन्हेगार दोघंही खोलीत येऊन बसतात. ‘मागास’ म्हटलं की खोलीत फक्त पीडित उरतो, तोही मान खाली घालून.

याचा अर्थ ‘मागास’ हा शब्द कायद्यातून काढा असं मी म्हणत नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. तेव्हापासून या शब्दानं लाखो घरांत पहिली नोकरी, पहिली वसतिगृहाची खोली आणली आहे. शब्द वाकडा असला तरी कुलूप त्यानं उघडलं. पण त्याची किंमतही पडते. हक्काची बाकी मागायला गेलेल्या माणसाला आधी ‘मी मागे आहे’ असं सिद्ध करावं लागतं. कागद जमवायचे, आयोगासमोर उभं राहायचं. गेल्या काही वर्षांत आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून निघालेल्या मोर्च्यांत मी ज्या पोरांना बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला आणि रागाखाली हा अवघडलेपणाही दिसला. ज्या शब्दाला शिवी समजत मोठे झालो तोच आता अर्जात लिहायचा. त्या मागणीच्या बाजूनं आणि विरोधात बोलण्यासारखं बरंच आहे, तो या लेखाचा विषय नाही.

झाडाची उपमाही इथं मला सोडावी लागते. ती एका जागी घात करते. ग्वामाचोची काटकसर सुंदर आहे, कारण ती कुणी त्याच्यावर लादलेली नाही. त्याच्या वाट्याचं पाणी वरच्या अंगाला कुणी अडवलेलं नाही. परभणी जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा येतो. पैठणहून निघालेला हा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी किती आणि कधी मिळतं याच्या कहाण्या तुम्हाला जिल्ह्यात कुठंही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतील. त्या शेतकऱ्याच्या काटकसरीचं कौतुक करताना जीभ जरा अडखळायला हवी. ‘मराठवाड्याची माणसं मोठी काटक’ हे वाक्य मी भाषणांत इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी टाळ्या पडल्यात. दादाला एकदा विचारलं, तुला कसं वाटतं रे हे ऐकून? तो म्हणाला, ‘काटक म्हणलं की पाणी द्यायचं काम नाही ना मग.’

माणूस आणि झाड यांत हा फरक राहतो. झाडाला त्याच्या जगण्याबद्दल कुणी जाब देणं लागत नाही. माणसाला लागतं.

हा हिशेब सरकारशीच असतो असंही नाही. तो घरातही असतो, आणि तिथं तो जास्त अवघड आहे, कारण तिथं दांडेकर समिती बसत नाही. आमच्या घरात दोन भाऊ. वडिलांची तब्येत ढासळली तेव्हा एकानं थांबणं भाग होतं. दादा थांबला. थोरला होता म्हणून, एवढंच. मार्क म्हणाल तर त्याचे माझ्यापेक्षा बरे होते. माझी हॉस्टेलची फी चार वर्षं कापसाच्या पट्टीतून गेली. आता नातेवाईक म्हणतात, ‘धाकटा पुढं निघाला, थोरला राहिला मागंच.’ जणू आम्ही दोघं एका रेषेवरून एकाच वेळी सुटलो होतो आणि एकाला दम लागला. खरं तर माझ्या पुढं जाण्यात त्याचं थांबणं भरलेलं आहे, जसं मुंबई-पुण्याच्या पुढं जाण्यात कितीतरी जिल्ह्यांचं थांबणं भरलेलं आहे. जो थांबला त्याला मागं राहिला म्हणणं म्हणजे देणेकऱ्यानं सावकाराला भिकारी म्हणण्यासारखं.

मग मी त्याचं देणं लागतो का? लागतो. किती? इथं माझी पंचाईत आहे. फीचे पैसे मोजता येतात, ते मी पाठवतो, तो कधी घेतो, कधी ‘राहू दे, पोराच्या नावानं टाक’ म्हणतो. पण जी वर्षं त्यानं दिली त्यांचा दर काय? तो सुद्धा ती वर्षं वाया गेली असं म्हणत नाही. त्याला शेतीतलं कळतं, आवडतं, तो त्यात हुशार आहे. मी जर ‘तुझं नुकसान झालं, मी भरपाई करतो’ म्हणालो तर मी पुन्हा तेच घड्याळ त्याच्या हातावर बांधतो: तुझं आयुष्य म्हणजे माझ्या आयुष्याची चुकलेली गाडी. आणि काहीच देणं लागत नाही म्हणालो, ‘तुझी वाट वेगळी, माझी वेगळी’ म्हणून मोकळा झालो, तर मी त्या गुळमुळीत आक्षेपवाल्यांत जाऊन बसतो. त्याचं जगणं कमी नाही, आणि तरीही बाकी आहे. ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी धरून चालावं लागतं, आणि रोजच्या जगण्यात ते जमवणं फोनवर दोन मिनिटं बोलण्याइतकं सोपं नसतं. निदान एक गोष्ट मी पाळतो. कुणी माझ्यासमोर त्याला ‘मागं राहिला’ म्हणालं तर मी विचारतो, कुणाच्या मागं? बहुतेक वेळा समोरचा हसून विषय बदलतो. एका काकांनी मात्र नीट विचार करून सांगितलं होतं, ‘अरे, तसं बोलायची पद्धत आहे.’ पद्धत आहे, हे खरंच.

कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिक या देशानं २०११ साली पानं असलेल्या एका निवडुंगाला राष्ट्रीय फूल केलं. बायाहिबेचा गुलाब म्हणतात त्याला. त्या आठ जातींपैकीच एक, ग्वामाचोची जवळची भावकी. फूल गुलाबी, आणि हे झाड जगात फक्त त्याच देशाच्या एका कोपऱ्यात, किनाऱ्यालगतच्या कोरड्या रानात आपणहून उगवतं. त्याचा फोटो मी दादाला पाठवला, खाली लिहिलं की हा निवडुंग आहे, पानावर जाऊ नको. संध्याकाळी त्याचा फोन आला. फूल चांगलं आहे म्हणाला. मग म्हणाला, ‘काटे कसे हायेत त्याला? बांधावर लावलं तर डुकरं थांबतील का? रोही तर काय उड्या मारून येतेत, पण डुकरं?’

मी सांगितलं की या झाडांच्याच गोतावळ्यातली एक वेल आहे, बार्बाडोस गूजबेरी म्हणतात, ती दक्षिण आफ्रिकेत नेली आणि तिनं तिथली जंगलं गिळली, सरकारला ती तण म्हणून जाहीर करावी लागली. फड्याचंही आपल्याकडं काय झालं ते तुला माहितेय.

‘मंग नको,’ दादा म्हणाला. ‘झटका मशीनचं अनुदान निघालंय म्हणायलेत, त्याचा फॉर्म भरतो. लिंक पाठवू का तुला? ओटीपी तुझ्याच नंबरवर येतोय.’